पत्रा लावणार नाही

माझी थोरली बहीण गॅरेजमध्ये असते, असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे पावत्या फाडते?" नाही हो, इंजिन उघडते. दाजी गेले आणि महिन्याभरात ताई गॅरेजमधल्या त्यांच्या कामाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिचा दीर म्हणजे गॅरेजचा मालक. त्याचं पित्त तेव्हापासून खवळलंय.

परवा एक टॅक्सी आली. आचके देत होती, काळा धूर ओकत होती. ताईने बघून सांगितलं, ईजीआर व्हॉल्व काजळीने तुंबलाय. धुराचा थोडा भाग परत इंजिनात फिरवायचा, एवढंच त्या व्हॉल्वचं काम.

"वहिनी, व्हॉल्वच्या तोंडावर पत्रा ठोका आणि गाडी सोडा," दीर म्हणाला. "दहा मिनिटांचं काम." बरेच जण असंच करतात, हेही खरं.

"पत्रा लावणार नाही. तो धूर तुमच्या-माझ्या नाकातच जाणार."

"मग संध्याकाळपर्यंत गाडी धड करा. नाही झाली तर उद्यापासून हे टेबल माझ्या मेहुण्याचं."

मेहुणा लगेच हजर. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. मी ताईचा डबा द्यायला गेले होते, तिथेच ठाण मांडून बसले.

ताईने व्हॉल्व काढला. आत बोटभर काजळी. स्प्रे मारून भिजत ठेवला, मग जुना टूथब्रश आणि लाकडी काडी घेऊन खरवडत बसली. स्क्रू ड्रायव्हर लावला तर आतली बैठक ओरखडते आणि व्हॉल्व पुन्हा नीट मिटत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, एक व्हॉल्व वाया घालवून ती शिकली होती. व्हॉल्व आणि इंजिनाच्या मध्ये नवं पॅकिंग घालून तिने समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले आणि गाडी चालू केली.

फुस्स, फुस्स. कुठूनतरी धूर गळत होता.

मेहुण्याने खुर्ची तिच्या टेबलाशी ओढली आणि बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईने बॅटरी मारून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक माझी आहे." जुन्या पॅकिंगचा पातळ पापुद्रा इंजिनाच्या बाजूला चिकटून राहिला होता आणि नवं त्याच्यावरच बसलं होतं. काळ्यावर काळं, दिसतंय कुणाला.

"आता तरी पत्रा लावा," दीर म्हणाला.

ताईने गाडी बंद केली. इंजिन निवेपर्यंत थांबली. पुन्हा सगळं उघडलं, नखाने पापुद्रा सोलला, चिंधीने पुसलं, बोट फिरवून पाहिलं आणि आणखी एक नवं पॅकिंग घालून बोल्ट आवळले. उन्हं कलली होती.

टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, लावा की चालू."

"चालूच आहे."

त्याने बॉनेटवर हात ठेवून खात्री केली आणि हसला. दीर मान खाजवत पुढे आला. "जमलं म्हणायचं, वहिनी."

"जमलं नाही, भावजी. येतं मला." ताईने चिंधी खिशात कोंबली. "आता मेहुण्यांना माझ्या टेबलापासून उठवा. पुढची गाडी उभी आहे."