फौजदारिणीची सही

इस्पितळाच्या धुलाईखान्यात आम्ही तिला फौजदारीण म्हणतो. घडी घालताना चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, अशी अठरा वर्षं गेली. कोपरा बोटभर सरकला तरी अख्खी चादर झटकून पुन्हा धरायला लावते. "डोळे आहेत की बटणं?" हे मी दिवसातून दहादा ऐकते. डोकं उठतं माझं, पण तिच्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय.

तिची लेक विद्यापीठात कला शाखेच्या प्रगत पदवीला, म्हणजे ऑनर्सला आहे. तिथे फक्त अव्वल नंबरांची पोरं घेतात. शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा, त्यात गुण कमी पडले की साध्या पदवीत रवानगी. जमा करायला उशीर झाला तर दिवसाला दहा गुण कापतात. पोरीने विषय घेतला धुलाईखान्यातल्या बायका, आणि आईलाच महिनाभर बोलतं करून टेप केलं. नियम असा, की बोलणारीने आपलं बोलणं वाचून खाली सही करायची. सही नसेल तर मुलाखत बाद.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला पोरगी धावत आली. पाचला जमा करायचं होतं.

"आई, पटकन सही कर ना."

फौजदारिणीने हात पुसून कागद घेतले. "'कामाचे स्वरूप कष्टप्रद असले तरी मी समाधानी आहे.' हे कोण बोललं गं? तुझी आत्या?"

"तिथे असंच लिहावं लागतं."

"मी म्हटलं होतं, रक्ताची चादर आधी गार पाण्यात टाकायची, आणि टाकताना मनात येतं, जगला असेल का बिचारा. ते कुठंय?"

"सर हसतील, आई."

"हसू देत मेल्यांना!"

बडबडत ती शेवटच्या पानावर गेली आणि तिचं बोट एका ओळीवर थांबलं. मी खांद्यावरून डोकावले. छापील ओळ होती, 'विद्यार्थिनीशी नाते'. पुढे पोरीच्या अक्षरात, 'नाही'.

"वर्गात सगळ्यांना वाटतं तू नर्स आहेस," पोरगी पुटपुटली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज वाटते, मग विषय कशाला घेतलास? आमच्या घामावर गुण मिळवायला? तू लहान असताना याच टोपलीत झोपवायचो तुला, बये!"

फौजदारीण मात्र ओरडली नाही. तिने पेन उचललं, सही केली आणि कागद पोरीच्या अंगावर टाकले. "तू शिकलेली. तू लिहिलंस म्हणजे खरंच असेल. जा, उशीर होईल."

पोरगी दारापर्यंत गेली. तिथे उभी राहून रडली. मग परत आली, सही केलेलं पान फाडलं, टेप कानाला लावली आणि मळक्या चादरींच्या ढिगाशेजारी बसून पहिल्यापासून लिहायला लागली. पाच वाजले, सहा वाजले. एकदाही तिने घड्याळाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जमा केलं, दहा गुण गेले. पदवी प्रगत राहते की साधी होते, ते पुढच्या महिन्यात कळेल. नव्या पानावर नात्यापुढे तिने 'आई' लिहिलंय, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. फौजदारिणीने सगळं वाचून सहीसुद्धा केली. पण लेकीशी ती अजून बोलत नाही. मीही नाही.