वीस गुणांचा नत्थू

माझे भाऊजी लहानू ठवरे यांनी बावन्न वर्षांत कुठल्याच स्पर्धेत भाग घेतला नव्हता. शहरातल्या महाल भागात त्यांचं कूलर-दुरुस्तीचं काम. मार्च लागला की लोकांच्या गच्च्यांवर चढायचं, कूलरच्या जुन्या गवती ताट्या काढून नव्या बसवायच्या, पंप साफ करायचे, आणि जूनमध्ये खाली उतरायचं. तीस वर्षं हेच. मागच्या मे महिन्यात शिडी सरकली, भाऊजी पडले, खुबा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, आता शिडी बंद. त्या दिवसापासून त्यांनी बोलणंही जवळजवळ बंद केलं. दुसऱ्यांचे कूलर चालू करणारा माणूस दिवसभर खाटेवर पडून पंखा पाहत राहायचा, आणि ते बघून माझी ताई, दिपाली, स्वयंपाकघरात डोळे पुसायची.

शेवटी त्यांच्या मुलीनं, वैभवीनं, त्यांच्या हातात गेमचा रिमोट दिला. "घ्या बाबा, तसेही दिवसभर छतच पाहून राहिले तुम्ही."

गेमचं नाव 'उजाड'. एका ओसाड मुलखात तुम्हाला रिकाम्या हातानं सोडतात. पाणी शोधा, खायला मिळवा, आसरा करा आणि जिवंत राहा. एकदा मेलात की संपलं. मी शाळेत भूगोल शिकवतो. एवढं सगळं खऱ्या जगात पडलेलं असताना ते पडद्यावर कशाला करायचं, हे मी ताईच्या घरी अनेकदा सांगून पाहिलं. त्या घरात माझं कुणी ऐकत नाही, त्यामुळे नुकसान काही झालं नाही.

या गेममध्ये सुरुवातीलाच आपला माणूस घडवावा लागतो. वीस गुण मिळतात. ते ताकद, वेग, भूक सोसणं, तहान सोसणं, सावध झोप, हातचं कसब यांत वाटायचे. एखादं वैगुण्य पत्करलं तर वर आणखी गुण मिळतात. माणूस चुकीचा घडला, तर पुढे कितीही हुशारी करा, उपयोग नसतो.

वैभवीचा पाच जणांचा संघ होता. तीन वर्षं घाम गाळला होता त्यांनी. एप्रिलमध्ये मनीषनगरच्या एका हॉलमध्ये मोठी स्पर्धा होती. बारा संघ, आणि जिंकणारा एकच संघ हैदराबादच्या अंतिम फेरीला जाणार. जूननंतर तिचे दोन साथीदार नोकरीसाठी बाहेर जाणार होते, म्हणजे संघ मोडणार होता. तिची ही शेवटची संधी. आणि आठ दिवस आधी त्यांच्यातला मोहित स्कूटरवरून पडला, मनगट प्लास्टरमध्ये. अर्जावर नाव असलेलाच माणूस खेळू शकत होता. अर्जावर सहावं, राखीव नाव होतं लहानू ठवरे. चौकट रिकामी ठेवता येत नाही म्हणून पोरीनं भरलेलं.

पोरगी दिवसभर जेवली नाही. ताईनं मला फोन केला, "सुशील, एवढ्या पोट्ट्यायले शिकवतोस, यायले बी काही शिकव नं गा."

मी गेलो. मी आणि वैभवी मिळून भाऊजींसाठी माणूस घडवला. ताकद नऊ, वेग सात, उरलेले चार कसेबसे इकडेतिकडे. चांगला पैलवान. मला तर तो फारच आवडला. त्यानं झाडं उपटली, लांडगा लोळवला आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारी तहानेनं मेला. आम्ही पुन्हा घडवला, पुन्हा मेला. आठवडाभरात पाच पैलवान गेले. दर वेळी वैभवी म्हणायची, "चालते बाबा, होते असं," आणि तिचा चेहरा काही वेगळंच सांगायचा. भाऊजी आपल्या हातांकडे बघत बसायचे. शेवटच्या संध्याकाळी त्यांना ताईशी बोलताना मी ऐकलं.

"माह्यामुळं पोरीचं वाटोळं होईन वं."

 

रविवारी हॉलमध्ये एसी इतका गार की भाऊजींनी मफलर गुंडाळला. घरच्यांना मागच्या खुर्च्यांवर बसू देत होते, तिथे मी. आयोजकांनी मुलूख जाहीर केला, वाळवंट, भर उन्हाळा. शेवटी ज्यांचा एक तरी माणूस जिवंत उरेल, तो संघ जिंकणार. माणूस घडवायला दहा मिनिटं. आठ मिनिटं भाऊजी नुसते पडद्याकडे पाहत राहिले. मग भराभर बोटं चालली. ताकद एक. वेग एक. वैगुण्यं तीन पत्करली, भित्रा, हळू चालणारा, अंगानं बारीक. त्याचे दहा गुण वर मिळाले. सगळ्यात जास्त गुण घातले तहान सोसण्यात, मग भूक सोसणं, हातचं कसब, सावध झोप. आणि पक्कं करायचं बटण दाबून मोकळे.

वैभवीनं वाकून पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. "बाबा! हे काय बनवलं?"

"नत्थू बनवला," भाऊजी म्हणाले.

नत्थू म्हणजे भाऊजींचा एकोणीस वर्षांपासूनचा कामातला जोडीदार. वजन चव्वेचाळीस किलो. काम मागायला कुणी आलं की भाऊजी त्याला सकाळी अकराला गच्चीवर न्यायचे आणि तांब्याभर पाणी द्यायचे. जो घटाघट संपवायचा, त्याला तिथूनच रामराम. दंड फुगवणारे कितीतरी आले आणि पंधरा एप्रिलच्या आत पळाले. नत्थूनं दोन घोट घेतले, तांब्या टाकीच्या सावलीत ठेवला आणि विचारलं, "बाराले सावली कोणीकडं येईन?" आजवर त्यानं एक दिवस दांडी मारलेली नाही. ही गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली होती. आणि तरी पैलवान घडवत बसलो! ही माझी अक्कल.

खेळ सुरू झाला. सगळे विहिरींकडे धावले आणि तिथंच एकमेकांवर तुटून पडले. नत्थू हळूहळू उलट्या दिशेनं गेला. एका खडकात त्याला कपार सापडली. पहाटे दोन तास आणि सूर्य उतरल्यावर दोन तास, एवढंच तो बाहेर पडायचा. गवत आणायचा, ओल्या वाळूतून थेंब थेंब पाणी गोळा करायचा. गवताची त्यानं ताटी विणली, कपारीच्या तोंडाला बांधली आणि न पिण्याजोगं गढूळ पाणी तिच्यावर शिंपडलं. मग मागच्या बाजूचे सैल दगड काढून एक भोक पाडलं.

"हे कायले?" वैभवीनं विचारलं.

"समोरची खिडकी उघडी नसन तर कूलर थंडा करत नाई. हवेले जायाले वाट लागते."

माइकवरून खेळाचं वर्णन करणारी मुलगी हसायला लागली. "आणि नत्थू पुन्हा झोपलाय, मंडळी!" हॉल हसला. माझे कान तापले. काय हसताय, म्हणून ओरडावंसं वाटलं.

खेळातल्या सहाव्या दिवसापर्यंत दहा संघ संपले. उरला पुण्याचा संघ आणि आमचा. वैभवी शेवटच्या विहिरीवर वाघिणीसारखी लढली, पुण्याचे दोन पाडले आणि पडली. बाकीचे तिघे आधीच गेले होते. आता पुण्याचे तीन धिप्पाड गडी, कुऱ्हाडीसकट, आणि आमचा एकटा नत्थू. सातव्या दिवशी अकराच्या सुमारास ते कपारीकडे निघाले.

"बाबा, बाहेर निघा, काही तरी करा!" वैभवीचा आवाज फुटला.

"थांब वं. बारा वाजू दे."

आता हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. मोठ्या देहांना पाणी मोठं लागतं. पहिला गडी अर्ध्या वाटेत कोसळला. दुसरा टेकडी चढताना. तिसऱ्यानं मेलेल्यांच्या पखालींतलं उरलंसुरलं पाणी घटाघट संपवलं आणि थेट येऊन ताटीवर कुऱ्हाड घातली.  भाऊजींनी नत्थूला मागच्या भोकातून बाहेर काढलं, हातात पाण्याचं मडकं. तो पळाला नाही. त्याला पळता येतच नव्हतं. खडकाला खेटून, सावली धरून चालू लागला. मागून तो गडी भर उन्हातून आडवा कापत धावला. नत्थू सावलीसावलीनं वळला, एक घोट प्याला आणि पुढे. गडी पुन्हा धावला. कुऱ्हाड उगारली, ती नत्थूच्या पाठीपासून हातभर होती, आणि त्याचे गुडघे वाळूत टेकले. मग कपाळ टेकलं.

पडद्यावर एकच माणूस उभा होता. चव्वेचाळीस किलोचा, भित्रा, हातात मडकं.

"नत्थू! नत्थू!" अख्खा हॉल उठून ओरडत होता. पुण्याची पोरंही टाळ्या वाजवत होती. खरा नत्थू त्या वेळी बेसा भागात कुणाच्या तरी गच्चीवर पंप बसवत असेल, त्याला बिचाऱ्याला काय पत्ता! मी, भूगोलाचा शिक्षक, खुर्चीवर उभा राहून शिट्या मारत होतो, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

आयोजकांनी वैभवीच्या हाती हैदराबादचं पत्र दिलं. तिनं ते वाचलंच नाही. बाबांच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडायला लागली. भाऊजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"एवढं पाणी वाया नको घालू वं," ते म्हणाले, आणि मफलरमध्ये तोंड लपवून स्वतःच रडू लागले.