फोटोतला टेलिफोन

माझी नात ज्ञानकोशासाठी एका जुन्या, अगदी सुरुवातीच्या काळातल्या छायाचित्रकाराचं चरित्र लिहितेय. पाठवण्याआधी मला दाखवते, कारण चुका काढायची मला लई हौस. काल एका वाक्याशी मी अडले: 'त्याच्या छायाचित्रांतील स्त्रियांच्या हाती पुस्तक आहे, यावरून त्या सुशिक्षित होत्या हे सिद्ध होते.'

"हे काढ," मी म्हटलं.

"अगं आजी, फोटोच पुरावा आहे की!"

मग मी कपाटातून माझा फोटो काढला, स्थळांना दाखवायला इथल्याच स्टुडिओत काढलेला. फोटोग्राफरनं स्वतःचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं आणि हातात टेलिफोन दिला. आमच्या अख्ख्या गल्लीत तेव्हा फोन नव्हता. बाईसाहेबांनी रिसीव्हर उलटा धरलाय, बोलायची बाजू कानाला, आणि चेहऱ्यावर ऐट कलेक्टरीणबाईची!

"यावरून काय सिद्ध होतं गं?"

हसता हसता तिनं वाक्य खोडलं. मग म्हणाली, "आजोबांच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की! लग्नानंतर मी रुसले, की उलटी मूठ कानाला लावून 'हॅलो, हॅलो' करायचे. मला हसू यायचंच."

आता रुसण्यात काही राम उरला नाही.