खांबांवरची तोंडं

गेल्या फॉलमध्ये आम्ही तिघं न्यू जर्सीहून ड्राइव्ह करून एका म्युझियममध्ये गेलो. युरोपातल्या जुन्या मठांचे दगडी खांब तिथे आणून पुन्हा उभे केले आहेत. माझी मुलगी कॉलेजात कलेचा इतिहास शिकते. तिला ते आजोबांना दाखवायचे होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबा माझ्याकडेच राहतात. त्यांचं तोंड डावीकडे वाकडं झालंय आणि लाळ थांबत नाही.

खांबांच्या माथ्यावर सगळी विद्रूप जनावरं. एक जनावर माणसाला पायांकडून गिळतंय. एका धडाला दोन डोकी. आणि एक नुसतंच तोंड, जीभ लोंबणारी, ओठ कोपऱ्यात ओघळलेला. असलं काहीतरी डोक्यावर घेऊन ते साधू प्रार्थना कशी करत असतील? मी नजर वळवली. त्या दगडाचीच किळस आली असं मला म्हणता आलं असतं, पण सकाळी बाबांना उपमा भरवताना मी श्वास रोखला होता आणि हनुवटीवरचं चमच्यानेच निपटलं होतं.

"आजोबा, धिस वन इज माय फेव्हरिट," मुलीने व्हीलचेअर त्या तोंडाखाली नेली.

बाबांनी मान वर केली. "हा आमच्याकडे शंकराच्या देवळात उंबऱ्यावर असतो." आणि मग, "माझ्यापेक्षा बराय. दात तरी आहेत."

ती हसली, तेही हसले, आणि लाळेची तार स्वेटरवर उतरली. तिने ती आपल्या बाहीने पुसली. मला त्या बाहीचीही किळस आली. मी चार पावलं मागे सरकलो.

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी हसून इंग्रजीत विचारलं, "तुमचे वडील का?"

"ते तिच्याबरोबर आहेत," मीही इंग्रजीतच सांगितलं.

बाबांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आहे. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

रात्री मी चमचा पुढे केला तर त्यांनी तोंड उघडलं नाही. "तिला बोलव," एवढंच म्हणाले. तिने भरवलं, पण सोमवारी ती होस्टेलला परत गेली. तेव्हापासून ते भिंतीकडे खुर्ची वळवून उजव्या हाताने स्वतःच जेवतात. निम्मं सांडतं. मी अजून माफी मागितलेली नाही. त्यांचं तोंड मला दिसत नाही, आणि लिहायचीही लाज वाटते, पण त्यामुळे माझं जेवण नीट होतं.