पासष्टावा भागाकार

मंगळवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या शिपाई मंदाबाईंनी दहावीला बाहेरून बसण्याचा फॉर्म गणिताच्या बाईंना कोराच परत केला. बाईंनी त्यांना आठवड्यापूर्वी ९९,९९१ चे अवयव शोधायला दिले होते. दोन, तीन, पाच अशा मूळ संख्यांनी भागत त्या ३११ पर्यंत आल्या होत्या.

"दर वेळी बाकी उरते. माझंच चुकतंय, बाई."

बाईंनी वही तपासली. "चौसष्ट भागाकार आहेत, एकही चुकलेला नाही. आता ३१३ ने भागा. ३१७ चा वर्गच या संख्येच्या पुढे जातो, म्हणून ३१३ नंतर थांबायचं."

जी संख्या कुणानेच निःशेष भागली जात नाही, तिच्यापुढे बरोबर केलेले कामही चुकल्यासारखे दिसते.

मंदाबाईंनी भागाकार मांडला. बाकी १४४.

"म्हणजे ही मूळ संख्याच? मग मला आठवडाभर दमवलंत कशाला?"

"तुम्हीच सिद्ध केलंत ना आता."

मंदाबाईंनी फॉर्म परत मागितला आणि पहिल्या रकान्यात नाव लिहिले.