श्वासाच्या भोकावर रंगाचे तीन हात

माझ्या साडूंचा जगातल्या एकाच गोष्टीवर विश्वास आहे, ती म्हणजे पिवळा ऑइलपेंट. ते गॅस कंपनीत आहेत. आमच्या वस्तीच्या टोकाला, बेकरीच्या मागे, जाळीच्या कुंपणात जे प्रेशर कमी करायचं स्टेशन आहे, ते त्यांच्या ताब्यात. मोठ्या पाइपातून गॅस धावत येतो, तिथल्या रेग्युलेटरमध्ये त्याचा जोर उतरवतात आणि मग तो आमच्या शेगड्यांकडे सोडतात. कामाचं स्वरूप एवढंच. पण साडूबुवा त्याबद्दल बोलू लागले की वाटतं, समुद्र यांनीच अडवून धरलाय.

नियमाप्रमाणे त्यांनी रेग्युलेटर तपासायचा, जोडांना साबणाचं पाणी लावून गळती बघायची, जास्त प्रेशर आलं तर आपोआप बंद होणारी झडप खरंच बंद होते का ते पाहायचं. हे सगळं ते उरकतात, मोलकरीण कपाटाखालून केरसुणी फिरवते तसं. जीव ओततात तो रंगात. सगळे पाइप पिवळे, चाकं लाल, कुंपण चंदेरी. कधीकाळी एका तपासनिसाने म्हटलं होतं, "वा, स्टेशन चकाचक आहे!" त्या एका वाक्यावर या माणसाने उरलेली नोकरी उभी केली. घरीसुद्धा तेच. कुंड्या पिवळ्या, स्टुलाचे पाय पिवळे. माझ्या मोठ्या मेहुणीला, म्हणजे ताईंना, मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही एका जागी फार वेळ बसत जाऊ नका."

यंदा प्रकरण गंभीर होतं. शहरातल्या सगळ्या स्टेशनांवर देखरेख करणारे प्रमुख निवृत्त होत होते आणि त्या खुर्चीसाठी साडूबुवांचं नाव पुढे होतं. अडसर फक्त सुरक्षा तपासणीचा. ती निर्वेध पार पडली की खुर्ची यांची. ताईंनी मोठ्या क्वार्टरसाठी पडद्याचं कापडही पाहून ठेवलं होतं. साडूबुवा तर आत्ताच प्रमुखासारखे चालू लागले होते, म्हणजे पोट पुढे आणि आपण मागे.

"तुम्ही फोटो काढायला या," त्यांनी मला फर्मावलं. "असं स्टेशन पुन्हा बघायला मिळणार नाही."

ते खरं ठरलं.

तपासणीला आलेल्या बाई किरकोळ अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. दारातच त्यांनी सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. गॅसच्या कुंपणात फोन चालत नाही, हे साडूबुवांच्याच पाटीवर लिहिलेलं होतं. पाटीचा रंग ताजा होता, मजकूर त्यांनी वाचलेला नसावा. फोटो बोंबलले. मी फोनांची पिशवी धरून कुंपणाबाहेर उभा राहिलो. आत बाई, साडूबुवा आणि त्यांचा फिटर. हा फिटर म्हणजे आळसाला पाय फुटलेत असा गडी. सांगितलेलं काम करतो, न सांगितलेल्या कामाकडे बघतही नाही.

"तीन हात दिलेत, मॅडम," साडूबुवा म्हणाले. "शेवटचा हात काल मी स्वतः मारला. हात फिरवून बघा, रेशीम आहे रेशीम."

बाईंनी हात फिरवला नाही. त्या प्रेशरच्या काट्याकडे पाहत होत्या.

इतक्यात पिशवीतला फोन वाजला. ताई होत्या.

"ह्यांना द्या."

"आत आहेत. फोन नेता येत नाही."

"मग ओरडून सांगा. शेगडी नाचतेय. आत्ता एवढीशी, आत्ता कढईच्या वर!"

मी जाळीला तोंड लावून ओरडलो, "साडूबुवा, ताई म्हणतात शेगडी नाचतेय!"

"बर्नर घास म्हणावं!" साडूबुवा हसत बाईंना म्हणाले, "बायकांना प्रत्येक गोष्टीत गॅस कंपनीच दोषी दिसते." समोर एक बाईच उभी आहे, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

मी निरोप पोचवला. पलीकडून उत्तर आलं, "त्यांना म्हणावं, बर्नर सकाळीच घासलाय, आता डोकं घासायला घरी या. शेजारचीही नाचतेय."

हेही मी ओरडून सांगितलं, डोक्यासकट. निरोप्याने निरोपात काटछाट करू नये.

बाईंनी विचारलं, "तुमचं घर कुठल्या स्टेशनवर आहे?"

"ह्याच," साडूबुवा म्हणाले आणि त्यांचं पोट जरा मागे आलं.

दुपारची वेळ होती. स्वयंपाक उरकून घराघरांत शेगड्या बंद होत होत्या. अशा वेळी प्रेशर वाढू लागलं की रेग्युलेटरच्या पोटातला रबरी पडदा वर उचलला जातो आणि गॅसची वाट आवळतो. पडदा उचलला जायचा तर त्याच्यावरची हवा बाहेर जायला हवी. त्यासाठी झाकणाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. रेग्युलेटर श्वास घेतो तो तिथून. बाई वाकून ते भोक शोधत होत्या. सापडेना. सगळीकडे रेशीम!

काटा चढत होता. एकदम खट्ट असा आवाज झाला. ती आपोआप बंद होणारी झडप बंद झाली होती. त्या स्टेशनात आपलं काम चोख करणारी ती एकटीच निघाली.

फोन वाजला. "आता गेलीच," ताई म्हणाल्या.

बाईंनी नखाने रंग खरवडला. खालून भोक निघालं आणि भोकात घट्ट बसलेला लाकडाचा तुकडा.

"हे काय?"

फिटर शांतपणे म्हणाला, "दात कोरायची काडी. रंग देताना मी नेहमी खोचून ठेवतो, भोक बुजू नये म्हणून. मग काढतो."

"मग काढली का नाही?" साडूबुवा किंचाळले.

"साहेब, तुम्हीच म्हणालात, रंग वाळेपर्यंत कोणी इकडे फिरकायचं नाही. मी नाही फिरकलो. पण काडी बाहेर दिसत होती की!"

साडूबुवांच्या तोंडावर पिवळा सोडून सगळे रंग येऊन गेले. काडी त्यांना दिसली होती. रेशमावर हा कसला कचरा, म्हणून त्यांनी ती बुडाशी मोडली आणि वरून झोकात ब्रश फिरवला. एक बंद पडला तर हाताशी असावा म्हणून ठेवलेल्या राखीव रेग्युलेटरवरही, तितक्याच मायेने.

गॅस गेला की नुसतं चाक फिरवून परत सोडता येत नाही. कोणाची तरी शेगडी चालू राहिलेली असते. आधी घरोघर जाऊन प्रत्येक कॉक बंद करायचा, मग गॅस सोडायचा, मग पुन्हा घरोघर जाऊन शेगडी पेटवून बघायची. प्रमुखपदाच्या उमेदवाराने वस्तीतलं दार न् दार वाजवलं. कोणी विचारलं, "रंग छान दिलाय हो, गॅस कधी देताय?" कोणी नुसतंच करपलेलं पातेलं दाखवलं.

आमच्याकडे आले तेव्हा कोपराला पिवळा डाग होता. माझी बायको म्हणाली, "या भावोजी, पेढे कुठायत?" ते सरळ स्वयंपाकघरात गेले. शेगडी पेटवली, गुडघे टेकून ज्योतीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने मला हळूच विचारलं, "नाचत नाही ना हो?" इतक्या वर्षांत त्यांनी गॅसकडे पाहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. स्टेशन यांच्याकडेच राहिलं, रंगाचे डबे मात्र ऑफिसने उचलून नेले. पडद्याच्या कापडाचं नाव ताई काढत नाहीत. साडूबुवाही काढत नाहीत.

परवा दोघं आमच्याकडे जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर बायकोने दात कोरायच्या काड्यांची डबी पुढे केली. साडूबुवा डबीकडे बघतच राहिले.

"घ्या की," ताई म्हणाल्या. "फक्त आत मोडून ठेवू नका."