खिडकीसमोरचं कुंपण

क्लेम डर्किनने आयुष्यभर कुंपणं घातली. मी त्याचा जोडीदार. खांब ओळंब्यात नसला की तो उपटायला लावायचा.

आमच्या गावात ब्रदरांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मबंधूंच्या, शाळेच्या लोखंडी कुंपणावर लोक फिती बांधत. तिथे शिकताना ज्या मुलाच्या अंगाशी ब्रदर लोकांनी खेळ केला, त्याच्यासाठी एक. क्लेमच्या दोन होत्या. निळी स्वतःची, पिवळी धाकट्या भावाची, नोएलची. नोएलने विशीतच गळफास घेतला.

दोघांचा गुन्हेगार एकच, ब्रदर सेलेस्टीन. खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, म्हाताऱ्याला काही आठवत नाही. खटला थांबला.

मग शाळेने कुंपण पाडून विटांची भिंत बांधायचं ठरवलं. विटेला फीत बांधता येत नाही. पाडायचं काम क्लेमने घेतलं.

"लाज सोडलीस का रे?" मी विचारलं.

"पहार उचल, आल्फ."

हेडमास्तर म्हणाले, "त्या फिती आधी कापून टाका, डर्किन."

"जुनं कुंपण पाडणाऱ्याचं, साहेब. रिवाजच आहे आमचा. लोखंड माझं, त्यावरचं सगळं माझं."

"न्या बाबा. कटकट गेली."

एकही गाठ न सोडता आम्ही कुंपणाच्या चौकटी ट्रकवर चढवल्या. क्लेमने ट्रक थेट माझ्या घोड्यांच्या कुरणाकडे वळवला. रस्त्यापलीकडे ब्रदरांचा वृद्धाश्रम. कोपऱ्यातली खिडकी सेलेस्टीनची.

"तुझं रस्त्याकडचं कुंपण कुजलंय."

"कुजलंय खरं," मी म्हणालो.

आम्ही खड्डे खणले, काँक्रीट ओतलं. निळ्या-पिवळ्या फितींची चौकट क्लेमने बरोबर त्या खिडकीसमोर आणली. मग टोपी काढून तिथेच उभा राहिला. खिडकीत पांढरं डोकं हललं.

दुसऱ्या दिवशी आश्रमातला एक तरुण ब्रदर धावत आला.

"दया करा हो. ब्रदर सेलेस्टीन जेवत नाहीत. 'डर्किनला घालवा, धाकट्याची ती फीत काढायला लावा,' एवढंच म्हणतात."

क्लेमने ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला.

"माझं नाव त्यांना तुम्ही सांगितलंत?"

"नाही. मला कुठे ठाऊक होतं?"

"आणि धाकट्याचं?"

"तेच म्हणाले. रडत होते."

"आठवतं म्हणजे सगळं," क्लेम म्हणाला. "आल्फ, ऐकलंस ना?"

"शब्दन् शब्द."

तरुणाचा चेहरा उतरला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं होतं. "ते फार म्हातारे आहेत हो," तो पुटपुटला.

"नोएल झाला नाही." क्लेमने त्याला ट्रकचं दार उघडून दिलं. "चला, हेच पोलिसांना सांगायचं. आल्फ, तू पण."

"आणि शेवटचा खांब?"

"काँक्रीट वाळतंय. तोवर बघू दे त्याला."